ज्याचा बाप जिवंत आहे

सोरकोलच्या चौकातला चबुतरा मूळचा लेनिनचा. लेनिनला क्रेननं उतरवून दूध डेअरीच्या मागं आडवा टाकला त्याला दहा वर्षं होऊन गेली, तरी चबुतरा रिकामाच होता. त्यावर शेळ्या चढायच्या, सणावारी पोरं चढायची. आता त्यावर घोडा चढणार होता आणि घोड्यावर बोकेन बातिर, म्हणजे बोकेन वीर, हातात भालाबिला घेऊन. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो असा.

कोपजासार आपल्या दारातल्या बाकावर बसून हे सगळं पाहत होता. त्याचं घर चौकाला लागूनच, त्यामुळं नको असलं तरी सगळं दिसायचं. कामगार दोर ओढत होते. दोन पायांवर उभा राहिलेला तो ब्राँझचा घोडा हवेत लटकत होता. तो उतरवताना मागचे खूर चबुतऱ्याबाहेर जायला लागले, कारण चबुतरा एका माणसाच्या मापाचा होता. लेनिन काही घोड्यावर बसत नसे.

"ह्या लंगड्याला घोड्यावर कुणी चढवला रे?" म्हातारा ओरडला.

कामगार हसले. ते शहरातले होते, त्यांना काय माहीत! पण गावातल्या ज्यांना माहीत होतं त्यांनी खाली माना घातल्या. बोकेन म्हणजे कोपजासारचा सातवा पूर्वज. सात पिढ्यांची नावं पोराला तोंडपाठ नसली तर त्याला गावात कुणी माणसात धरत नाही. कोपजासारला ती त्याच्या आईनं शिकवली होती, नावांबरोबर गोष्टीही. बोकेन एका पायानं लंगडा होता. उंटावरून मीठ वाहायचा. शेजारच्या ओयरात टोळ्यांची धाड आली तेव्हा गावातल्या बायकापोरांना घेऊन तो तळ्याच्या बोरूत लपून बसला आणि धाड निघून जाईपर्यंत एकाही पोराला रडू दिलं नाही. तेवढ्यावर आज अर्धा तालुका जिवंत आहे. पण बोरूत लपलेल्या माणसाचा पुतळा होत नाही. मग प्रांताच्या गावाहून एक इतिहास संशोधक आणला. ह्या गृहस्थांनी पूर्वी सामुदायिक शेतीतल्या विक्रमी लोकर उत्पादनावर प्रबंध लिहून पदवी मिळवली होती. त्यांनी महिनाभर गावचं घोड्याचं मांस खाल्लं आणि लंगड्या मीठवाल्याच्या हातात भाला दिला, समोर ओयरातांचा सेनापती उभा केला, आणि तो भाला त्याच्या छातीत घातला.

हे सगळं केलं कुणी? कोपजासारच्या मुलानं. तालुक्याचा अकीम तो, म्हणजे तालुक्याचा धनी. त्याला राजधानीत जायचं होतं, वरच्या सभागृहात बसायचं होतं, आणि तिथं हल्ली बातिराच्या वंशजाला लवकर खुर्ची मिळते म्हणे. पूर्वी मजुराच्या वंशजाला मिळायची. तेव्हा हाच मुलगा अर्जात लिहायचा, 'घराणं : पिढीजात मेंढपाळ, शोषित.'

पोराचं नाव मेल्स. मार्क्स, एंगेल्स, लेनिन, स्टालिन. कोपजासारनंच ठेवलेलं. तेव्हा तो तरुण होता, शाळेत इतिहास शिकवायचा आणि शिकवायचा त्यावर त्याचा विश्वासही होता. चौघांच्या दाढ्यामिशा एका तान्ह्या पोराच्या गळ्यात बांधल्या, हा आपलाच गाढवपणा, असं तो आता म्हणायचा. देश स्वतंत्र झाला तेव्हा पोरानं नाव बदलून 'मेलिस' केलं. एवढ्याशा फरकानं चारही दाढ्या उतरल्या, असं त्याला वाटत असावं.

"पाटीवाले, आत या. चहा गार होतोय. घोडं काही तुमच्या ओरडण्यानं खाली यायचं नाही."

ही शेकेर वहिनी. थोरल्या भावाची बायको, भाऊ युद्धानंतर काही वर्षांतच वारलेला. शेकेर म्हणजे साखर, पण जिभेवर तिखट सोडून दुसरं काही नाही. ती सून होऊन आली तेव्हा हा धाकटा दीर शाळेत जात होता. सुनेनं सासरच्या माणसाचं नाव घ्यायचं नसतं, म्हणून तिनं त्याला 'पाटीवाला' म्हणायला सुरुवात केली. पाटीवाला मास्तर झाला, मास्तराचा पुढं कोळसेवाला झाला, सत्तरीला टेकला, पण तिनं त्याचं नाव आजवर एकदाही तोंडातून काढलं नव्हतं. त्याची बायको गेल्यापासून त्याला दोन वेळचा चहा आणि चार वेळच्या शिव्या तीच देत होती.

"वहिनी, तो भाला बघितलात? दूरदर्शनच्या खांबाएवढा आहे."

"आणि तोंड बघितलंत का? बातिराचं तोंड कुणासारखं आहे?"

कोपजासारनं डोळे बारीक केले. ब्राँझच्या शिरस्त्राणाखाली त्याच्याच पोराचे गाल होते, दुहेरी हनुवटीसकट.

"त्या काळात एवढं खायला कुठं मिळत होतं?" तो म्हणाला, आणि दोघंही चहाच्या वाट्या हातात घेऊन बराच वेळ हसत राहिले.

पण ते हसणं वरवरचं होतं. दोघांनाही ठाऊक होतं की आज ना उद्या मेल्स ह्या दारात येणार. सतरा वर्षांत तो आला नव्हता. आईला पुरायला आला होता, तेव्हा कबरीपासून दूर, सरकारी गाडीला टेकून उभा राहिला आणि माती न टाकताच परत गेला.

सतरा वर्षांपूर्वीच्या डिसेंबरात अल्माटीच्या, तेव्हाच्या राजधानीच्या, चौकात पोरं उतरली होती. मॉस्कोनं एका रात्रीत प्रजासत्ताकाच्या डोक्यावर परका माणूस आणून बसवला, म्हणून. बर्फात त्यांना पाण्याचे फवारे मारले, फावड्यांनी मारलं, ट्रकमध्ये भरून शहराबाहेर नेऊन टाकलं. मग देशभर प्रत्येक शाळेत, प्रत्येक डेअरीत सभा झाल्या. सोरकोलच्या शाळेतही झाली. ठराव असा, की ही पोरं दारुडी, गंजेकस आणि गुंड आहेत. सगळ्यांनी हात वर करायचे. सगळ्यांनी केले. कोपजासारचा हात गुडघ्यावरच राहिला.

"कॉम्रेड मास्तर, हात?"

"ह्या शाळेतली तीन पोरं तिथं शिकायला आहेत. मी शिकवलीत. ती दारू पीत नाहीत," तो म्हणाला. एवढंच म्हणाला. भाषण केलं नाही, घोषणा दिली नाही.

पक्षाच्या तालुका समितीतर्फे सभेला मेल्स आला होता. तो मंचावरून उठला. चेहरा पांढराफटक, पण आवाज अगदी स्वच्छ. "आजपासून हा माणूस माझा बाप नाही," तो म्हणाला आणि खाली बसला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, कारण टाळ्या वाजवायची सवय होती.

दुसऱ्या दिवसापासून कोपजासार त्याच शाळेच्या तळघरात बॉयलरमध्ये कोळसा टाकू लागला. वरच्या वर्गात त्याच्या जागी आलेली बाई तोच इतिहास शिकवायची, आणि थंडी पडली की तिचाच निरोप यायचा, "मास्तर, जरा दोन फावडी जास्त टाका."

तर असा तो मेल्स पुतळा चढला त्याच संध्याकाळी आला. गाडी दारात उभी राहिली, ड्रायव्हरनं मोठं खोकं आत आणून ठेवलं. मागून मेल्स. जाड झाला होता, केस काळे केले होते. उंबऱ्यात बूट काढून तो मोजे घातलेल्या पायांनी आत आला आणि मधोमध उभा राहिला.

"आके," तो म्हणाला. बापाला हाक मारतात ती हाक.

"कोण आके? इथं एक कोळसेवाला राहतो. साहेबांचा पत्ता चुकला का?"

"जुनं कशाला उकरून काढता? काळच तसा होता."

"काळ माझ्यासाठीही तोच होता की. शाळेच्या भिंतीवर घड्याळ एकच होतं."

कोपऱ्यात पीठ मळत बसलेली शेकेर खाकरली. मेल्सनं तिच्याकडं पाहिलं आणि तो अवघडून हसला. "अपा," त्यानं काकूला हाक मारली, "तुम्ही तरी सांगा ह्यांना."

"मी काय सांगू बाबा? मी अडाणी बाई. तुझा बाप कोण हे मला तुझ्या जन्मापासून माहीत आहे, तुलाच अधूनमधून विसरायला होतं."

मेल्स खाली बसला. त्याला घाम आला होता. शनिवारी बोकेन बातिराच्या नावानं मोठं जेवण होतं, वीस राहुट्या, घोड्यांच्या शर्यती, राजधानीहून मंत्री. तो सांगत गेला. डिसेंबरातल्या माणसांना आता केवढा मान आहे. रस्त्यांना त्यांची नावं देतात. मंत्र्यांना अशी माणसं फार आवडतात. आकेंनी मधल्या राहुटीत, मंत्र्यांच्या पंगतीला, त्याच्या शेजारी बसायचं.

"आणि काय बोलायचं?"

"काही नाही. विचारलं तर एवढंच म्हणा, की घरातल्या सगळ्यांनीच सोसलं."

"तू काय सोसलंस?"

"मीही सोसलंच की," मेल्स म्हणाला, आणि त्याला ते खरंच वाटत होतं. "तुमच्यामुळं माझी बढती दोन वर्षं अडली."

कोपजासारनं आ वासला. मग तो असा हसला की शेकेरनं मळणं थांबवलं. माणूस खोटं बोलतो तेव्हा त्याला पकडता येतं. पण जो आधी स्वतःलाच फसवून मग दुसऱ्याच्या दारात येतो, त्याला कुठं धरायचं? ज्या पायरीवर बापाला उभा चिरला, त्याच पायरीवर ह्याला ठेच लागली होती, आणि त्या ठेचेचं औषध हा बापाकडं मागायला आला होता.

"जा आता," म्हातारा म्हणाला. "विचार करतो."

मेल्स उठला. आणि तिथं एक गोष्ट घडली. उंबऱ्याजवळ स्वतःचे बूट घालायला वाकला असताना त्यानं बापाचे जुने, जाड लोकरी नमद्याचे बूट पाहिले, आडवेतिडवे पडलेले. त्यानं ते उचलले, एकमेकांवर झटकले आणि टाचा भिंतीला लावून चुलीच्या बाजूला ओळीनं ठेवले. लहानपणी तो रोज ठेवायचा तसे. सकाळी मास्तरांना गरम बूट मिळावेत म्हणून. एवढं करून तो गेला. बहुतेक आपण काय केलं हे त्याला कळलंही नसावं.

त्या बुटांनी म्हाताऱ्याचा घात केला.

"तुम्ही जाणार," शेकेर म्हणाली. ती विचारत नव्हती.

"जाणार."

"कशाला? मखमलीच्या अंगरख्यात घालून मिरवतील तुम्हाला. पुतळा एक बाहेर, एक आत."

खोक्यात खरोखरच अंगरखा होता. निळी मखमल, सोनेरी वेलबुट्टी. कोपजासारनं तो उलगडला आणि परत ठेवला.

"वहिनी, तो सभेत बोलला ते मी कधीच सोडून दिलंय. त्या काळात तोंड कुणाचं स्वतःचं होतं? पण त्या हिवाळ्यात त्यानं मुंडी घेतली. ती घ्यायला त्याला कुणी सांगितलं होतं?"

ही गोष्ट त्या घरात कुणी काढत नसे. सभेनंतर महिन्याभरानं तालुका सचिवाच्या घरी हिवाळ्याचा घोडा कापला होता. पाहुण्यांसमोर, रीतीप्रमाणे, शिजवलेल्या मेंढ्याची मुंडी आली. मुंडी पंगतीतल्या मानाच्या माणसापुढं ठेवतात. तो गालाचा तुकडा कापतो, कान पोरांना देतो, आणि ताट पुढं सरकवतो. पण ज्याचा बाप जिवंत आहे तो मुंडीला हात लावत नाही. दारुडा लावत नाही, नास्तिक लावत नाही, दहा वर्षांचं पोरसुद्धा लावत नाही. 'माझे वडील आहेत' असं म्हणायचं आणि ताट पुढं सरकवायचं, बस्स. त्या रात्री सचिवानं गंमत म्हणून ताट मेल्सपुढं ढकललं, आणि मेल्सनं सुरी उचलली. कान कापला. त्याच वेळी इकडं बाप तळघरात कोळसा टाकत होता.

"ठराव मला कळतो," कोपजासार म्हणाला. "ठराव पोट करतं. पण मुंडी? शनिवारी त्याच्यापुढं पुन्हा मुंडी येणार. मी शेजारी बसलेला असेन. मला फक्त एवढंच बघायचंय. त्यानं ताट माझ्याकडं सरकवलं ना, तर त्याचा तो लंगडा घोड्यावर बसो की हत्तीवर, मी काही बोलणार नाही. मंत्र्याला सांगेन, पोरानंही सोसलं म्हणून."

"आणि नाही सरकवलं तर?"

त्यानं अंगरख्याचं खोकं बंद केलं. शेकेरनं पिठावर जोरानं थाप मारली. तिला मनातून वाटत होतं की जाऊ नये ह्यानं. ज्याला परीक्षा घ्यायची सवय आहे, त्याला नापास विद्यार्थ्याचं दुःखही सोसावं लागतं. पण हे ती बोलली नाही. दिराच्या तोंडावर एवढा उजेड तिनं फार वर्षांत पाहिला नव्हता.

शनिवारी चौकात माणूस मावत नव्हता. पुतळ्यावरचं कापड ओढायला मंत्री पुढं झाले, दोरी ओढली, तर कापड भाल्याच्या टोकात अडकलं. अग्निशामक दलाची शिडी येईपर्यंत बोकेन बातिर डोक्यावर पांढरं फडकं घेऊन नव्या नवरीसारखा उभा होता. बायका तोंडाला रुमाल लावून हसल्या. मग संशोधकांनी तासभर भाषण केलं. भाल्याची लांबी, रुंदी, वजन, सगळं सांगितलं. फक्त तो भाला कुणी पाहिला होता ते राहून गेलं. कोपजासार निळ्या मखमलीत पहिल्या रांगेत बसला होता. त्याच्या मनात आलं, आईनं सांगितलेल्या गोष्टीत एक तान्हं पोर होतं. ते रडेल म्हणून बोकेननं त्याला मिठाचं बोट चोखायला दिलं होतं. त्या बोटाचा पुतळा कुणी करावा?

"साहेब, हे आमचे डिसेंबरातले वीर," मेल्सनं ओळख करून दिली.

मंत्री चाळिशीचे, गोरेगोमटे, फोन कानाला. त्यांनी म्हाताऱ्याचा हात हातात घेतला आणि फोनमध्ये कुणाला तरी रशियनमध्ये सांगितलं, "नाही, नाही, सोमवारपर्यंत मला ते हवं." मग हात सोडला. ओळख झाली. 'हे माझे वडील' हे वाक्य मेल्सच्या ओठांवर असेलही, पण तोवर मंत्री पुढं गेले होते.

मधल्या राहुटीत गालिच्यांवर पंगत बसली. मध्ये मंत्री, उजवीकडं मेल्स, मेल्सच्या शेजारी कोपजासार. पलीकडं मुल्ला, संशोधक, तालुक्यातले बाकीचे वजनदार लोक. आधी चहा आणि तळलेले गोळे, मग घोडीचं आंबवलेलं दूध, मग मांसाची परातीएवढाली ताटं. मेल्सनं वाकून बापाच्या ताटात चरबीदार मांसाचा जाड तुकडा टाकला.

"खा, आके. मऊ आहे."

बापाचे दोनच दात शिल्लक राहिले आहेत हे पोराच्या लक्षात आलं होतं. म्हाताऱ्यानं घास घेतला आणि तो हळूहळू चघळत राहिला. किती वेडा असतो बाप! एक मऊ तुकडा आणि एक बुटांची जोडी, एवढ्यावर तो सतरा वर्षं पुसायला निघाला होता.

मग मुंडी आली. मोठ्या लाकडी ताटात, भाजून खरवडून शिजवलेली, नाक मंत्र्यांकडं करून. ताट आणणाऱ्यानं ते मंत्र्यांसमोर ठेवलं आणि सुरी मुठीकडून पुढं केली.

मंत्र्यांनी फोन खिशात ठेवला. हा माणूस शहरात वाढलेला, आपली भाषा अडखळत बोलणारा. पण त्यानं लगेच दोन्ही हात छातीशी नेले.

"मला चालायचं नाही," तो म्हणाला. "माझे वडील आहेत."

पंगतीतून बरं वाटल्याची कुजबुज झाली. पोर शहरी असलं तरी घराण्याचं दिसतंय, असं कुणीतरी पुटपुटलं. कोपजासारनंही मान हलवली. मंत्र्यांनी ताट उचललं आणि हसत उजवीकडं ठेवलं. "अकीमसाहेब, आजचा मान तुमचा. बातिराचं रक्त तुमचं. घ्या."

आता मेल्सनं करायचं होतं ते इतकं सोपं होतं की सांगतानाही राग येतो. मंत्र्यांनी वाक्य आयतं तयार करून दिलं होतं, त्यात फक्त 'ही' घालायचा होता. माझेही वडील आहेत. आणि ताट हातभर सरकवायचं. समोरची सगळी माणसं ते वाक्य ऐकायला टपून बसली होती. ऐकून मंत्री खूश झाले असते, म्हातारा रडला असता, पोराची खुर्चीही पक्की झाली असती. लबाडीनं जरी म्हटलं असतं तरी चाललं असतं.

मेल्सनं बापाकडं पाहिलं. मग मंत्र्यांकडं पाहिलं. मंत्री हसत होते, हात अजून ताटाला लागलेला होता. साहेबाच्या हातची मुंडी. ती परत कशी करायची? परत केली तर साहेबांना वाटायचं, आपल्या शब्दाची किंमत केली नाही. साहेबाच्या ताटाकडं बघणाऱ्या माणसाची मान दुसरीकडं वळत नाही, मग ते साहेब मॉस्कोचे असोत की आपले.

"आपला हुकूम," मेल्स म्हणाला आणि त्यानं सुरी उचलली.

गालाचा तुकडा कापला. मंत्र्यांना दिला. दुसरा स्वतः खाल्ला. मग कान. सुरी कुर्च्यातून जाताना करकर आवाज झाला, आणि सगळ्या राहुटीत तेवढाच आवाज होता. मुल्ला गालिच्याची नक्षी बघत बसले. संशोधकांना खोकला आला.

कोपजासारला वाटलं होतं, आपल्याला राग येईल. राग आला नाही. छातीत काहीतरी एकदम रिकामं झालं, इतकं की त्याला श्वास मोठा घ्यावा लागला. बरोबर आहे, तो मनाशी म्हणाला. दोनदा विचारलं, दोनदा तेच उत्तर आलं. आता पेपर तपासायचा राहिला नाही.

त्यानं दोन्ही हात वर केले, तळवे आभाळाकडं. आणि मास्तरच्या खणखणीत आवाजात त्यानं कुराणातली आयत म्हणायला सुरुवात केली. असल्या जेवणात आयत म्हणायचीच असते; पुण्य मेलेल्याच्या नावानं सोडायचं असतं. मुल्लांना वाटलं, बरं झालं, म्हाताऱ्यानं वेळ निभावून नेली. त्यांनी हात वर केले. मंत्र्यांनी केले. संशोधकांनी केले. तालुक्यातल्या सगळ्या वजनदार माणसांनी केले. मेल्सनंही तोंडातला घास घाईनं गिळून हात वर केले. एकही हात गुडघ्यावर राहिला नाही.

आयत संपली. "ह्या पठणाचं पुण्य," कोपजासार म्हणाला, "अकीम मेलिस ह्यांचे मयत वडील कोपजासार ह्यांच्या आत्म्याला पोहोचो. आमीन."

"आमीन," पंगत सवयीनं म्हणाली आणि सगळ्यांनी तळवे चेहऱ्यावरून फिरवले. मेल्सनंही फिरवले. हात खाली आले तेव्हा कुठं निम्म्यांना कळलं, आपण काय म्हटलं ते.

मंत्र्यांना काहीच कळलं नव्हतं. ते मेल्सकडं झुकले आणि खऱ्या सहानुभूतीनं त्यांनी विचारलं, "वाईट झालं. कधी गेले वडील?"

मेल्सचं तोंड उघडं होतं. ओठाच्या कडेला चरबी लागलेली होती.

"आत्ताच," कोपजासार म्हणाला.

तो उठला. गुडघे कुरकुरले, कुणी हात दिला नाही, कुणाची हिंमत झाली नाही. त्यानं निळा मखमली अंगरखा काढला, नीट घडी घातली आणि मेल्सच्या मांडीवर ठेवला.

"मेलेल्याचे कपडे घरच्यांनी वाटायचे असतात. वाट कुणाला तरी."

"आके..." मेल्स म्हणाला. पण ते इतक्या हळू, की मंत्र्यांना ऐकू जाऊ नये.

बाहेर ऊन लख्ख होतं. शर्यतीची धूळ उडत होती. राहुट्यांच्या मागं बायका मोठमोठ्या कढयांभोवती उभ्या होत्या, आणि त्यांच्यात शेकेर, हातात झारा घेऊन. दीर नुसत्या सदऱ्यावर येताना दिसला, तेव्हाच तिला कळलं. तिनं झारा शेजारणीच्या हातात दिला आणि पुढं आली. दोघं चौक ओलांडून निघाले. पुतळ्याच्या सावलीत दोन शेळ्या बसल्या होत्या; चबुतऱ्यावर आता त्यांना जागा नव्हती.

"जेवण कसं होतं?" तिनं विचारलं.

"मांस मऊ होतं. स्वतःच्या मयताचं जेवण जेवून आलेला माणूस बघितला होतात कधी?"

त्याला हसायचं होतं. पण हसू निम्म्यात मोडलं आणि तो चौकाच्या मधोमध, सगळ्यांच्या देखत, तोंडावर हात धरून रडला. ज्या साली माणसं उपासानं रस्त्यात मरून पडत होती त्या साली तो जन्मला होता. थोरला तेवढा वाचला, मधली तीन गेली, म्हणून आईनं ह्याचं नाव ठेवलं होतं, अर्थ पुष्कळ जगणारा. तसा तो जगलाही. कशासाठी, हे त्याला त्या क्षणी सांगता आलं नसतं.

शेकेरनं त्याला रडू दिलं. मग आपल्या डोक्यावरच्या रुमालाचं टोक काढून त्याच्या हातात दिलं.

"तर मग माझा दीर मेला म्हणायचा," ती म्हणाली. "मेलेल्या दिराचं नाव घेतलं तर मला आता कोण बोल लावणार?"

तिनं श्वास घेतला. पन्नास वर्षांहून अधिक काळ तोंडात धरलेला शब्द होता, तो लगेच बाहेर येईना.

"कोपजासार," ती म्हणाली. "चल घरी. चहा टाकते."